एका ‘पी’ची कुळकथा

दोन वर्षांपूर्वीं सहामाही परीक्षेचे पेपर तपाशीत असतां एका उत्तरापाशीं आमचें तांबडें पेन थबकलें. प्रश्न अगदीं साधा होता. एका द्रवाचा पी-एच् तीन आहे, दुसऱ्याचा पांच. दोहोंपैकीं अधिक आम्ल कोणता तें सकारण सांगा. विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, दुसरा. आणि कारण दिलें होतें तें असें कीं, पी-एच् म्हणजे हायड्रोजनची शक्ति, आम्लता येते ती हायड्रोजनमुळें, तेव्हां ज्याची शक्ति पांच तो द्रव तीनवाल्यापेक्षां अधिक आम्ल असलाच पाहिजे. आम्हीं शून्य देऊन पुढचें पान उलटलें. पेपर परत मिळाले त्या दिवशीं तो मुलगा आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला आणि अतिशय नम्रपणें म्हणाला, “सर, उत्तर चुकलें हें कळलें. पण ‘पी’ म्हणजे पॉवर, हें वर्गांत तुम्हींच सांगितलें होतें. पॉवर वाढली तर आम्लता कमी कशी होईल?”

आम्हीं तसें सांगितलें होतें, ही गोष्ट खरी. किंबहुना गेलीं सव्वीस-सत्तावीस वर्षें आम्ही प्रत्येक वर्गाला तसेंच सांगत आलों होतों, कारण आमच्या गुरुजींनीं आम्हांला तसें सांगितलें होतें आणि त्यांना बहुधा त्यांच्या गुरुजींनीं. त्या मुलाला आम्हीं ऋण घातांकाचा हिशेब पुनः एकवार कागदावर मांडून दाखविला. तो त्याला पटला व तो गेला. परंतु ‘पी’ म्हणजे पॉवर हें ठरविलें कोणीं, हा प्रश्न मात्र तो आमच्या टेबलावर ठेवून गेला. त्याचा माग घेऊं लागल्यावर आम्हांला जें आढळलें तें थोडें लाजविणारें आणि पुष्कळसें मनोरंजक आहे. ज्या गृहस्थानें हें अक्षर प्रथम योजिलें, त्यानें तेंच कां योजिलें याचा खुलासा आपल्या निबंधांत केलेलाच नाहीं. आणि त्याच्या ह्या मौनावर गेल्या शतकांत निरनिराळ्या विद्वानांनीं आपापले अर्थ मोठ्या खात्रीनें बसविलेले आहेत.

हा गृहस्थ म्हणजे सोरेन पेडर लौरिट्स सोरेन्सेन. डेन्मार्कमधील हाव्रेब्येर्ग गांवीं इ. स. १८६८ त एका शेतकऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. कोपनहेगन येथें शिकत असतां तो आधीं वैद्यकाकडे वळला होता, परंतु रसायनशास्त्रानें त्याला ओढून घेतलें. आणि १९०१ सालीं तो कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायनविभागाचा प्रमुख झाला. कार्ल्सबर्ग हें नांव ऐकून आमच्या कांहीं सोवळ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, कारण तें एका बिअरच्या कारखान्याचें नांव आहे. पण ह्या कारखानदाराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. याकोब ख्रिश्चन याकोबसेन यानें १८४७ त कोपनहेगनच्या बाहेर एका टेकडीवर हा कारखाना काढला, आणि आपला मुलगा कार्ल याच्या नांवास टेकडीवाचक शब्द जोडून त्याचें नामकरण केलें. १८७५ त त्यानें कारखान्याच्या जोडीला एक प्रयोगशाळा उभारली, व तिच्या नियमांत असें घातलें कीं, येथें लागलेला कोणताही शोध, मग तो तात्त्विक असो वा धंद्याच्या उपयोगाचा असो, गुप्त ठेवूं नये. १८८३ सालीं एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें तेथें एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविण्याची रीति बसविली, ती प्रतिस्पर्धी कारखानदारांनाही खुली करून देण्यांत आली. आमच्याकडे मसाल्याचें प्रमाण सुद्धां सुनेला सांगतांना लोक दहादां विचार करितात. तेव्हां ह्या औदार्याचें मोल निराळें सांगावयास नको. त्याच सालीं योहान केल्डाल यानें धान्यांतील नत्राचें माप काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तिच्यासाठीं लागणारा चंबू आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो, मग त्या नांवाचा उच्चार आपण कसाही करीत असूं. १९०० सालीं केल्डाल समुद्रस्नान करीत असतां वारला, आणि त्याच्या जागीं सोरेन्सेन आला.

त्याच्यापुढें जो प्रश्न होता तो बिअरपुरता नव्हता. जिवंत पदार्थांत साखर फुटते, प्रथिनें पचतात, हीं कामें एन्झाइमें करितात. आणि एन्झाइमें मोठीं लहरी. आम्लता थोडी इकडची तिकडे झाली कीं त्यांचें काम मंदावतें किंवा थांबतें. पण ‘थोडी’ म्हणजे किती? पूर्वींचे रसायनज्ञ आम्लता मोजीत ती थेंबाथेंबानें अल्क घालून, द्रव उदासीन होईपर्यंत. ह्या रीतीनें द्रवांत एकूण आम्ल किती आहे तें कळतें; परंतु त्यांतील किती हायड्रोजन-आयन त्या क्षणीं मोकळे फिरत आहेत तें कळत नाहीं. एखाद्या पेढीच्या मालकीची एकंदर रक्कम आणि तिचें खेळतें भांडवल ह्यांत जसा फरक, तसाच हा. दशांश-नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तितक्याच तीव्रतेचें ॲसेटिक आम्ल घेतलें, तर दोहोंना उदासीन करावयास अल्क सारखाच लागतो. पण दुसऱ्यांतील मोकळे हायड्रोजन-आयन पहिल्याच्या सुमारें सत्तराव्या हिश्शाइतकेच असतात. एन्झाइम ओळखतें तें खेळतें भांडवल, एकंदर रक्कम नव्हे, असें सोरेन्सेनचें म्हणणें. आणि साखर फोडणारें इन्व्हर्टेज, जठरांतील पेप्सिन इत्यादिकांवर प्रयोग करून त्यानें तें दाखवून दिलें.

हा निबंध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक पानांचा तो एक ग्रंथच म्हणावयाचा. डॅनिश, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांतून तो निघाला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें ह्या तीन भाषांना साक्षीला बोलावण्यांत येणार आहे.

मापनाची रीति अशी. प्लॅटिनमच्या पट्टीवर काळ्या प्लॅटिनमचा थर चढवून तिच्यावरून हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडले, म्हणजे ती पट्टी द्रवांतील हायड्रोजन-आयनांना ओळखणारा विद्युदग्र बनते. असे दोन विद्युदग्र दोन निरनिराळ्या द्रवांत बुडवून जोडले, तर त्यांमध्यें जो विद्युद्दाब उत्पन्न होतो तो दोन्ही द्रवांतील आयनांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमाशीं समप्रमाणांत असतो. नेर्न्स्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ त हें सूत्र मांडून ठेविलें होतें. अठरा अंश सेंटिग्रेड उष्णमानावर आयन दसपट कमी झाले कीं दाब ०.०५७७ व्होल्टनें बदलतो, शंभरपट कमी झाले कीं त्याच्या दुपटीनें. म्हणजे यंत्रावरील कांटा मुळांतच लॉगॅरिथमांच्या भाषेंत बोलत असतो. दोन द्रवांपैकीं एकांत आयनांचें प्रमाण लिटरास एक ग्रॅम-आयन असें ठरीव धरलें, तर दाबावरून दुसऱ्या द्रवाचा घातांक सरळ वाचतां येतो.

शिवाय लिहावयासही घातांकच सोईचा. शुद्ध पाण्यांत त्या उष्णमानावर लिटरमागें ०.०००००००८५ ग्रॅम-आयन इतका हायड्रोजन मोकळा असतो. हीं शून्यें मोजतांना आमचीच काय, छापणाऱ्याचीही चूक व्हावयाची. हीच संख्या म्हणजे दहाचा उणें ७.०७ वा घात. सोरेन्सेननें ठरविलें कीं, हायड्रोजन-आयनांचें प्रमाण दहाचा उणें ‘पी’ घात असें लिहावें. त्या ‘पी’ संख्येस हायड्रोजन-आयनाचा घातांक म्हणावें. आणि तिचें चिन्ह म्हणून ‘पी’ काढून त्याच्या पायाशीं बारीक ‘एच्’ लिहावा व त्या ‘एच्’वर एक टिंब द्यावें. टिंब ही त्या काळीं आयनावरील धनभाराची खूण होती. संपलें. ‘पी’च कां, ‘एम्’ कां नाहीं, ‘एन्’ कां नाहीं, याविषयीं एक ओळही नाहीं.

मालक मृत्युपत्र न करितां वारला म्हणजे जें होतें तेंच पुढें झालें. दावेदार उभे राहिले.

त्यांत सर्वांत मोठा पक्ष ‘पॉवर’वाल्यांचा, ज्यांत आम्हीही होतों. जर्मन भाषेंत ‘पोटेन्त्स’, फ्रेंच भाषेंत ‘प्यिसान्स’, डॅनिश भाषेंत ‘पोटेन्स’, इंग्रजींत ‘पॉवर’. गणितांत सर्वांचा अर्थ ‘घात’, आणि सर्वांचें आद्याक्षर ‘पी’. निबंध ज्या तीन भाषांत निघाला त्या तिन्ही एकमुखानें साक्ष देतात. खुद्द कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचा हवाला देऊनही ‘हायड्रोजनची पॉवर’ हाच अर्थ सांगितला जातो. इतक्या पुराव्यावर कोणीही निकाल देऊन मोकळा होईल. परंतु ह्या साक्षीदारांची थोडी उलटतपासणी केली पाहिजे. हे चारही शब्द एकाच लॅटिन घराण्यांतले आहेत. ‘समर्थ असणें’ ह्या अर्थाच्या एकाच मुळापासून ते निघाले. चार भावंडांनीं एकच आडनांव सांगितलें, तर त्यांत योगायोग कसला? ती चौघांची साक्ष नव्हे; एकाचीच साक्ष चारदां घेतल्यासारखें तें आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सोरेन्सेननें जेथें चिन्ह सुचविलें, तेथेंच त्या संख्येचें नांवही सुचविलें आहे; आणि त्या नांवांत ‘पोटेन्त्स’ हा शब्द नाहीं, ‘एक्स्पोनेंट’ हा आहे. नांव ‘ई’नें सुरू होणारें आणि चिन्ह मात्र ‘पी’! कोणी म्हणेल कीं, ‘ई’ हें अक्षर गणितांत व विद्युत्शास्त्रांत आधींच दुसऱ्या कामीं गुंतलेलें होतें. असेल. पण ‘पी’ हें पोटेन्त्सचें आद्याक्षर आहे असें सांगण्याची संधि त्याच ओळींत चालून आली असतां तो तीनही भाषांत गप्प बसला, ह्याची वाट काय? शिवाय काटेकोर गणिती भाषेंत ‘पोटेन्त्स’ म्हणजे दहाचा घात घेऊन येणारी संबंध संख्या. तिच्या डोक्यावरील लहान आंकडा तो ‘एक्स्पोनेंट’. सोरेन्सेनचा ‘पी’ हा डोक्यावरचा आंकडा आहे. पागोट्याला पाटील म्हणण्याची चूक व्यवहारांत होते, पण जन्मभर दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत मापें काढणारा मनुष्य ती करील, असें आम्हांला वाटत नाहीं.

लॅटिनवाल्यांचा पक्ष यापेक्षां दुबळा. ते म्हणतात कीं मूळ शब्द ‘पोंडुस हायड्रोजेनिई’, म्हणजे हायड्रोजनचें वजन. अथवा ‘पोटेन्शिया हायड्रोजेनिई’, म्हणजे पुनः शक्तीच. हे शब्द मोठमोठ्या पुस्तकांत छापलेले सांपडतात. पण सोरेन्सेनच्या लिखाणांत त्यांना आधार नाहीं, आणि पी-एच् हें कशाचेंही वजन नाहीं. लॅटिनचा झगा घातला म्हणजे कोणताही तर्क पदवीधर दिसूं लागतो, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. विद्युद्दाबाला ‘पोटेन्शियल’ म्हणतात म्हणून ‘पी’ तेथून आला, असेंही एक मत आहे. तें वरवर पाहतां सयुक्तिक दिसतें, कारण प्रत्यक्ष मोजला जातो तो दाबच. परंतु १९२४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या मथळ्यांतच सोरेन्सेननें त्या दाबासाठीं ग्रीक ‘पाय’ हें अक्षर वापरलें आहे. ‘पी’चें काम वेगळें.

२००० सालीं डेन्मार्कमधील जीवरसायनज्ञ येन्स नॉर्बी यांनीं ‘ट्रेंड्स इन बायोकेमिकल सायन्सेस’ ह्या मासिकांत दोन पानांचें एक टिपण लिहिलें. त्यांनीं केलें तें इतकेंच कीं, ज्याचा हवाला सर्वांनीं द्यावा पण जो फारसा कोणी वाचूं नये असा तो १९०९ चा निबंध त्यांनीं लक्षपूर्वक वाचला. त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं, त्यांत ‘पी’ एकटा नाहीं; त्याच्या जोडीला ‘क्यू’ आहे. विद्युत्मापनाच्या विवेचनांत दोन द्रव येतात, एक तपासावयाचा आणि एक तुलनेचा. आणि हीं दोन अक्षरें त्या दोन द्रवांच्या कामीं जोडीनें लाविलेलीं आहेत. तुलनेचा द्रव एकदां ठरीव झाला कीं त्याच्या अक्षराची गरज उरत नाहीं. क्यू मागें पडतो, पी शिल्लक राहतो. गणितज्ञ अशा शेजारशेजारच्या अक्षरांच्या जोड्या सदैव वापरतात. आमच्या अंकगणितांत अ आणि ब हे दोघे गृहस्थ पिढ्यान् पिढ्या हौद भरीत आणि भिंती बांधीत आले आहेत; पण त्यांतील अ म्हणजे अनंतराव आणि ब म्हणजे बळवंतराव, असा शोध अद्याप कोणीं लाविलेला नाहीं.

नॉर्बी यांचें अनुमान हेंही अखेर अनुमानच, हें आम्ही नाकारीत नाहीं. सोरेन्सेन १९३९ सालीं वारला. त्याला विचारण्याची सोय नाहीं. त्यानें पी-क्यू ही जोडी निवडतांना मनाच्या एखाद्या कोपऱ्यांत ‘पोटेन्स’ हा शब्द नसेलच, अशी शपथ कोणीं घ्यावी? परंतु पुराव्याच्या तराजूंत घालून पाहिलें, तर एका पारड्यांत निबंधांतील प्रत्यक्ष अक्षरें आहेत आणि दुसऱ्यांत केवळ आद्याक्षरांचा मेळ. आम्ही पहिल्या पारड्याच्या बाजूचे झालों आहों.

वास्तविक हा वाद आम्हां लोकांना नवा वाटण्याचें कारण नाहीं. यास्काच्या निरुक्तांत तो फार पूर्वीं होऊन गेला आहे. सर्व नामें धातूंपासूनच निघालीं, असें शाकटायन व इतर नैरुक्त म्हणत. गार्ग्य आणि कांहीं वैयाकरण म्हणत कीं, सर्वच नव्हेत. यास्क शाकटायनाच्या बाजूला गेला, आणि त्याच्या पुढील आम्ही सारे बहुतेक त्याच बाजूला राहिलों. नांव दिसलें कीं त्याच्या पोटांत अर्थ असलाच पाहिजे, आणि नसेल तर तो घातला पाहिजे, ही आमची खोड. गार्ग्याचें म्हणणें ऐकून घ्यावयास कोणाला सवड नाहीं.

तथापि ह्या प्रकरणांत सगळा दोष खोडीचा नाहीं. अक्षरें वापरण्याच्या दोन निराळ्या वहिवाटी आहेत, आणि पी-एच् हें चिन्ह नेमकें त्या दोहोंच्या बांधावर उभें आहे, असें आमचें मत झालें आहे. रसायनशास्त्रांत अक्षर म्हणजे संक्षेप. स्वीडनच्या बर्झेलियसनें १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांच्या लॅटिन नांवांचीं आद्याक्षरें चिन्हें म्हणून घेण्याची पद्धति घातली. तेव्हांपासून रसायनाच्या विद्यार्थ्यानें कोणतेंही अक्षर पाहिलें कीं हें कशाचें आद्याक्षर, असें विचारावयाचें, आणि त्याला उत्तरही मिळावयाचें. ‘के’ म्हणजे कॅलियम, ‘एन्-ए’ म्हणजे नेट्रियम. युरोपांतील बीजगणिताची वहिवाट याच्या अगदीं उलट. व्हिएतानें १५९१ त अज्ञातांना स्वर आणि ज्ञातांना व्यंजनें दिलीं, देकार्तनें १६३७ त अज्ञातांना वर्णमालेच्या शेवटचीं अक्षरें दिलीं. त्यांत ‘एक्स’ म्हणजे कशाचा संक्षेप, हा प्रश्नच संभवत नाहीं. तें अक्षर म्हणजे केवळ एक खुंटी, वाटेल तें टांगावें. आतां पी-एच् पाहा. त्यांतील ‘एच्’ हा रसायनाच्या वहिवाटीचा, म्हणजे हायड्रोजनचें खरोखरीचें आद्याक्षर. आणि ‘पी’ हा बीजगणिताच्या वहिवाटीचा, म्हणजे खुंटी. रसायनाच्या मुलांनीं दोन्ही अक्षरें एकाच वहिवाटीनें वाचलीं, आणि खुंटीला कूळ शोधूं लागले.

येथें एक गंमत सांगण्याचा मोह होतो. आपल्याकडील जुन्या बीजगणिताची वहिवाट युरोपसारखी नव्हती, तर संक्षेपाचीच होती. भास्कराचार्य अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें देतो आणि लिहितांना त्यांचीं आद्याक्षरें घेतो: या, का, नी, आणि पी. म्हणजे अज्ञात घातांकाला ‘पी’ म्हणण्याचा मान इसवी सनाच्या बाराव्या शतकांतील आपल्या आचार्याकडे जातो, असें उद्यां कोणी देशाभिमानी गृहस्थ सिद्ध करूं लागेल! त्यानें तसें करूं नये, एवढ्याचकरितां आम्हीं हें आधींच सांगून ठेविलें.

असो. मूळ निबंध वाचणाऱ्याचा घोटाळा होण्याचें फारसें कारण नव्हतें, कारण सोरेन्सेनच्या लेखनांत ‘पी’ हा मोठा होता आणि ‘एच्’ त्याच्या पायाशीं बारीक होता. ‘पी’ ही संख्या. कोणाची, तर हायड्रोजनची, असा तो सरळ अर्थ. हा थाट मोडला तो अमेरिकेंत. विल्यम मॅन्सफील्ड क्लार्क ह्या रसायनज्ञानें १९२० सालीं हायड्रोजन-आयनांच्या मापनावर एक मोठें पुस्तक लिहिलें, आणि छापण्याच्या सोईसाठीं ‘एच्’ला पायापासून उचलून ‘पी’च्या ओळींत आणून बसविलें. टिंबही गेलें. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्याचे हाल ज्यानें पाहिले असतील तो क्लार्कला दोष देणार नाहीं; प्रत्येक पानावर पन्नास ठिकाणीं पायाशीं बारीक अक्षर बसवावयाचें म्हणजे थट्टा नव्हे. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, एक धनी व एक चाकर होते ते दोघे समान भागीदार दिसूं लागले, आणि चिन्ह होतें तें संक्षेपासारखें दिसूं लागलें. संक्षेप म्हटला कीं दोन्ही अक्षरांचा विस्तार आला. ‘पी’ म्हणजे काय, हा प्रश्न आज ज्या स्वरूपांत विचारला जातो, त्या स्वरूपांत तो खिळे जुळविणाऱ्याच्या पेटींतून निघाला, असें आम्हांला वाटतें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. कोपनहेगनमध्येंच हासेलबाल्क यानें १९१६ त रक्ताच्या आम्लतेच्या सूत्रांत सोरेन्सेनचें चिन्ह घेतलें, आणि वैद्यांना त्याची संवय झाली. निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्ताचा पी-एच् ७.३५ ते ७.४५ ह्या अरुंद पट्ट्यांत राहतो, हें आतां औषधशास्त्राचा नवखा विद्यार्थीही जाणतो. कॅलिफोर्नियांत लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याची अडचण एका जुन्या सहाध्यायानें सांगितली म्हणून आर्नल्ड बेकमन यानें १९३४ त एक सुटसुटीत यंत्र केलें. त्याच्यापासून तयार झालेलें पी-एच्-मापक बाजारांत आलें, आणि तीं दोन अक्षरें प्लॅटिनमच्या पट्ट्या कधीं न पाहिलेल्या लोकांच्या तोंडीं बसलीं.

पण ह्या सर्वांपेक्षां चमत्कारिक गोष्ट खुद्द सोरेन्सेनच्या हयातींतच घडली. आपण मोजतों तें आयनांचें केवळ प्रमाण नव्हे, तर त्यांची क्रियाशीलता, कारण दाटींतील आयन एकमेकांना आवरून धरतात, हें ध्यानांत आल्यावर त्यानें व लिंडरस्ट्रोम-लांग यानें १९२४ त घातांकाची नवी व्याख्या केली. आजची मान्य व्याख्याही क्रियाशीलतेवरच आधारलेली आहे. म्हणजे ज्या अर्थासाठीं खुंटी ठोकली होती तो अर्थ काढून घेतला गेला, दुसरा टांगला गेला, आणि खुंटी जागच्या जागीं राहिली. त्यानंतर तर रसायनज्ञांनीं ‘पी’ला स्वतंत्र पदवीच देऊन टाकली, पी-ओएच्, पी-के अशीं चिन्हें निघालीं, आणि कोणत्याही राशीपुढें ‘पी’ लावला कीं तिचा दहाच्या पायावरील ऋण लॉगॅरिथम घ्यावा, असा संकेत पडला. आज ‘पी’ला निश्चित अर्थ आहे, यांत शंका नाहीं. फक्त तो जन्मतः मिळालेला नव्हे, नोकरींत मिळालेला आहे.

आमच्याकडील शेतकरी ह्या बाबतींत आम्हां प्राध्यापकांहून शहाणा निघाला. माती तपासून आली म्हणजे कागदावर ‘सामू’ असा रकाना असतो. सामू साडेआठ निघाला कीं जमीन चोपण होऊं लागली हें तो ओळखतो आणि उपायाला लागतो. ‘सामू’तील ‘सा’ कशाचा आणि ‘मू’ कशाचा, हें विचारीत तो बांधावर बसून राहत नाहीं. त्या शब्दांत ‘पॉवर’ नाहीं, म्हणून आंकडा वाढला कीं आम्लता वाढली, असा त्याचा गोंधळही होत नाहीं.

आतां आम्ही वर्गांत हा विषय काढतों तेव्हां प्रथम फळ्यावर दहा काढून त्याच्या डोक्यावर उणें ‘पी’ लिहितों, मग त्या ‘पी’च्या पायाशीं बारीक ‘एच्’ आणि टिंब, अगदीं सोरेन्सेननें काढलें असेल तसें. आणि ‘पी’ म्हणजे काय असें कोणी विचारलेंच, तर ती त्या आंकड्याचें नांव आहे एवढेंच सांगतों. त्या मुलाचा पेपर मात्र आधींच गठ्ठ्यांत गेला होता. तो बाहेर काढून घेतला. उत्तर चुकलेलें होतें, त्याचे गुण देतां येत नव्हते. पण आम्हीं दिलेल्या आधारावरून त्यानें काढलेलें अनुमान तर्काला सोडून नव्हतें, म्हणून कारणाचे दोन गुण वाढविले. गुणपत्रकांत फेरफार केला तर आमच्या कचेरींत त्याचें कारण लिहून द्यावें लागतें. त्या रकान्यांत आम्हीं ‘परीक्षकाची चूक’ असें लिहून सही केली.